पटक्सेंट नदीकाठी धक्का उभारायचा आहे, मदतीचे हात हवे आहेत

मेरिलंड आणि व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींना आमच्या समितीचा नमस्कार.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथने 1608 च्या उन्हाळ्यात सुमारे 30 फुटी उघड्या होडीतून, दोन खेपांत चेसापीकचा उपसागर पालथा घातला. 1612 साली छापलेल्या त्याच्या नकाशात तो स्वतः पोचला तिथवर छोटे क्रूस काढलेले आहेत. त्यापलीकडचं सगळं इथल्या मूळ रहिवाशांनी सांगितलेलं. स्मिथच्या या जलमार्गाला 19 डिसेंबर 2006 रोजी राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. लांबी सुमारे 3,000 मैल, आणि सगळा पाण्यावरचा असा देशातला हा पहिलाच.

मार्ग कायद्याने झाला, पण होडी लावायला जागा मिळत नाही. किनारा बहुतेक खाजगी आहे आणि मालकाच्या संमतीविना या मार्गासाठी केंद्र सरकारला जमीन घेता येत नाही. हे बंधन आम्हाला रास्त वाटतं. मात्र त्यामुळे एकेक जागा स्थानिकांनाच उभी करावी लागते. स्मिथ दुसऱ्या खेपेत पटक्सेंट नदीत शिरला होता. तिथल्या एका सार्वजनिक जमिनीच्या तुकड्यावर कयाकसाठी, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्यांसाठी, तरंगता धक्का करायचा आहे.

मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. इथे जेमतेम फूट-दोन फूट. पण त्यावर विसंबू नका, कारण इथे पाणी वारा हलवतो. हिवाळ्यात वायव्येचा वारा दोन दिवस लागला की पाणी मागे हटतं आणि स्थिर धक्का चिखलात उघडा पडतो. म्हणून तरंगता धक्का, 10 फूट बाय 8 फुटांचे दोन तुकडे. त्याचा पृष्ठभाग पाण्यापासून 6 ते 9 इंचच वर हवा. त्याहून उंच झाला तर कयाकमधून चढताना माणूस पाण्यात पडतो. किनाऱ्यावरून येणारी वाट 5 फूट रुंद आणि 1:12 पेक्षा (12 फुटांत 1 फूट) जास्त चढाची नाही, म्हणजे चाकाची खुर्चीही येईल. बर्फ खांबांना धरून वर उचलतो, त्यामुळे तुकडे नोव्हेंबरात काढून मार्चमध्ये पुन्हा लावायचे. दर वर्षी हे करायला माणसं नसली तर धक्का दोन हिवाळेही टिकणार नाही, आणि आमची खरी गरज तीच आहे.

पाण्याखालच्या गवतावर सावली पडली की ते मरतं, आणि निळ्या खेकड्यांची पिल्लं त्याच गवतात वाढतात. म्हणून फळ्यांऐवजी जाळीदार पृष्ठभाग हवा आणि जागा गवताच्या पट्ट्यापासून दूर. भरतीच्या पाण्यातल्या बांधकामाला राज्याची आणि आर्मी कोअरची (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची) परवानगी लागते. अर्जासोबत भरतीची रेषा, गवत आणि खोली दाखवणारा नकाशा द्यावा लागतो. तो अपुरा असला की अर्ज परत येतो. सर्वेक्षण किंवा सिव्हिल ड्रॉइंगचं काम करणाऱ्या कुणीतरी हा नकाशा करून दिला तर आमचा मोठा खर्च वाचेल.

धक्क्यापाशी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर इथल्या मूळ रहिवाशांपैकी पिस्काटावे समाजाला आधी दाखवायचा, मगच कोरायचा. स्मिथच्या नकाशातली गावं त्यांच्या पूर्वजांची आणि शेजाऱ्यांची होती. फलकावर पहिली नावं त्यांचीच येतील. तिथेच वाऱ्याचा आणि वादळाचा इशाराही असेल. जून 1608 मध्ये वादळाने स्मिथच्या होडीची डोलकाठी मोडली आणि शीड फाटलं. ते खलाशांनी स्वतःच्या सदऱ्यांनी सांधलं. उन्हाळ्यात दुपारनंतरची वादळं आजही तशीच अंगावर येतात.

आत्ता हवं ते असं: धक्का काढण्या-लावण्यासाठी वर्षातून दोन शनिवार देणारी 12 माणसं, लहान-मोठ्या मापांची 10 लाइफ जॅकेट, आणि जाळीदार पृष्ठभागासाठी देणगी. देणगी चेकने द्यावी, रोख स्वीकारणार नाही. पावती हिशेबनीसांकडून मिळेल. मार्चमध्ये ऊन असलं तरी पाणी अंग गोठवणारं असतं, तेव्हा पाण्यात उतरणाऱ्यांनी वेटसूट (थंड पाण्यात ऊब राखणारा अंगाला घट्ट पोशाख) घालूनच यावं. बाकीच्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणावेत.