शून्याच्या नोंदी

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. उपग्रहाच्या मोजमापांत जिथे सलग शून्ये आली, त्या नोंदी तू सरसकट वगळल्या आणि आलेख एकदाचा नीट दिसू लागला, असे तू लिहिले आहेस. त्यातले ‘सरसकट’ आणि ‘नीट’ हे दोन्ही शब्द मला खटकले. पदार्थविज्ञान मी फारसे शिकलो नाही. परंतु हिशेब तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे कोरा रकाना आणि शून्य लिहिलेला रकाना यांतला फरक मला कळतो.

पृथ्वीला वेढणाऱ्या, वेगवान विद्युतभारित कणांच्या ज्या प्रारणपट्ट्यांवर तू काम करतेस, त्यांचा माग मुळात अशाच शून्यांवरून लागला. जानेवारी १९५८ अखेर सुटलेल्या एक्सप्लोरर-१ या अमेरिकी उपग्रहावर वैश्विक किरण मोजणारा गायगर गणक होता. कमी उंचीवर तो अपेक्षेप्रमाणे मोजत असे आणि फार उंच गेला की गप्प होई. नोंदी साठवण्याची सोय नसल्याने भूस्थानकाच्या टप्प्यात असतानाचेच आकडे हाती येत, त्यामुळे यंत्र बिघडले असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. मार्चमधल्या एक्सप्लोरर-३ वर मात्र जॉर्ज लुडविग यांनी घडवलेला छोटा टेप रेकॉर्डर होता. त्यात आकडे झपाट्याने चढतात आणि मग एकाएकी शून्यावर येतात, असा क्रम दिसला. कार्ल मॅकिलवेन यांनी तसाच गणक प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या माऱ्यात धरून पाहिला, तेव्हा मारा एका मर्यादेपलीकडे गेल्यावर गणकातल्या नळीला सावरायला उसंत मिळत नाही, तिचे विद्युतस्पंद मोजण्याइतके जोरकस उरत नाहीत आणि गणक शून्य दाखवतो, हे उघड झाले. कण मोजता येणार नाहीत इतके होते! पट्ट्यांना या प्रयोगाचे प्रमुख जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांचे नाव मिळाले, ते योग्यच आहे. पण लुडविग आणि मॅकिलवेन हे दोघे तेव्हा तुझ्यासारखेच त्यांचे विद्यार्थी होते, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

तुझ्या प्रत्येक शून्यामागे शोध दडला आहे, असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा यंत्र बंद असेल किंवा संपर्क तुटला असेल. तरीही शून्याच्या लगेच आधीचे आकडे चढते होते की उतरते, उपग्रह तेव्हा किती उंचीवर होता आणि त्या दिवशी सौरवादळ होते का, हे शेजारी शेजारी मांडून पाहा. यात काही आठवडे जातील आणि तुझे गाईड कुरकुरतील, हे मी धरूनच चाललो आहे. वगळलेल्या नोंदींची मूळ फाईल तू जपून ठेवली आहेस ना, तेवढे मात्र लगेच कळव.

तुझे,
बाबा