पान 112 वरचा ‘तो’

आदरणीय काका,

तुमचं नाव इथे घालत नाही. श्रेयपानावर घालू का, असं विचारलं तेव्हाच “ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्याचं कसलं आलंय नाव” म्हणून तुम्ही विषय मोडलात. पण परवा पुस्तक हातात आलं. मुखपृष्ठ बघायचं सोडून मी आधी पान 112 उघडलं आणि मग बराच वेळ काही सुचेना. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत.

तुमच्याकडे मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) येण्याआधी माझ्या या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर बेतलेल्या कादंबरीनं काय काय ऐकून घेतलं, ते तुम्हाला माहीत नाही. एका ठिकाणी ती 11 महिने पडून होती. छापून दिलेल्या प्रतीत विसाव्या पानाच्या आसपास दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती चिकटलेलीच परत आली. सोबत चिठ्ठी : “बालसाहित्य आम्ही सध्या घेत नाही.” दुसऱ्या ठिकाणी वाचली होती, निदान थोडी तरी. तिथला सल्ला असा की श्वापदाच्या जागी एखादा तापट उद्योगपती घ्या, वाड्याच्या जागी पेंटहाउस, मग बघा कशी खपते. तिसऱ्यांनी एकाच शब्दात निकाल दिला : “स्टॉकहोम सिंड्रोम.” आणि फाइल मिटली.

पहिल्या दोघांचं मी हसण्यावारी नेलं. (खोटं. पहिल्यांचं नेलं नाही, ती चिकटलेली पानं अजून जपून ठेवली आहेत.) तिसऱ्यांचं मात्र रुतून बसलं, कारण ते निराधार नव्हतं. 1973 साली स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोरानं ओलीस धरलेली माणसं सहा दिवसांनी सुटली ती त्याच्याबद्दल मायेनं बोलत, त्यावरून तो शब्द आला. आणि आपल्या गोष्टीत काय आहे? बाप एक गुलाब तोडतो, त्याची किंमत मुलगी चुकवते. दार बंद, मालक केसाळ, आणि शेवटी प्रेम. कुणी शंका घेतली तर चूक काय?

मी माझ्या परीनं मुळापर्यंत गेले होते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची पहिली छापील कथा 1740 ची, गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेची. चांगली लांबलचक, मोठ्यांसाठी लिहिलेली. त्यात श्वापद रोज रात्री सरळ शेजेबद्दलच विचारतं. 1756 मध्ये आणखी एक फ्रेंच लेखिका, बोमाँबाई, यांनी ती मुलींना वाचायला द्यायची म्हणून छाटली. त्या स्वतः शिकवणी करायच्या, त्यामुळे शेजेचा प्रश्न लग्नाचा झाला. दोन्हींत एक गोष्ट मात्र कायम आहे, नायिका रोज ‘नाही’ म्हणते आणि तिचं ‘नाही’ तिथे चालतं. श्वापद जेवणाच्या वेळी येतं, विचारतं, उत्तर ऐकतं, जातं. पुढे बापाला भेटायला तिला सोडतं, आणि ती परत येते ती स्वतःच्या पायांनी.

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझ्या कादंबरीत काहीतरी लबाडी होती आणि ती कुठे आहे ते सापडत नव्हतं. शेवटी श्वापदातून राजपुत्र प्रकट झाला की वाचणारीला सुटल्यासारखं वाटायचं, आणि नेमकं तेच मला नको होतं. माझी नायिका राजपुत्राच्या प्रेमात पडायला नको होती. त्याला तिनं तोवर पाहिलेलंही नसतं.

मग तुमच्याकडून मुद्रितं आली.

समासात तुमच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरातल्या खुणा. वेलांट्या, अनुस्वार, माझे नेहमीचे चुकणारे ‘परिस्थिती’ आणि ‘निर्मिती’. पान 112 वर मात्र लाल शाई नव्हती. पेन्सिलीनं, पुसता येईल इतकी हलकी ओळ होती : “इथे ‘ते’चा ‘तो’ झाला आहे. चूक असेल तर दुरुस्त करतो. चूक नसेल तर फार छान आहे.”

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. ‘राक्षस’ म्हटलं की तो पुल्लिंगी, आणि आपल्याकडचा राक्षस माणसं खातो, लग्नाचं विचारत नाही. ‘पशू’ही पुल्लिंगी. म्हणून मी ‘श्वापद’ घेतलं, नपुंसकलिंगी. ते आलं, ते बसलं, ते म्हणालं. (एका मैत्रिणीनं सगळीकडे ‘ते म्हणाले’ करून दिलं होतं. तिला वाटलं, मी आदरार्थी लिहितेय आणि क्रियापदं चुकलीत.) फ्रेंचमध्ये तर गंमतच आहे. तिथे ‘बेत’ हा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे मूळ गोष्टीत या अक्राळविक्राळ प्राण्याचा उल्लेख व्याकरणानं ‘ती’ असा होतो. तीन लिंगांची चैन आपल्याकडे आहे, आणि मी ती नुसती अंगावर वागवत होते.

माझं वाक्य होतं : “त्यानं दिवा तिच्या बाजूला सरकवला आणि मागे न बघता तो निघून गेला.” ‘त्यानं’ दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे नजर त्यावरून घसरते. ‘गेलं’चं ‘गेला’ कधी झालं ते मला लिहिताना कळलं नाही, नंतर सात-आठ वेळा वाचतानाही कळलं नाही. त्या रात्री तिनं जेवताना म्हटलेलं असतं, आज विचारू नका. आणि त्यानं विचारलेलं नसतं. एवढाच प्रसंग. जादू नाही, गुलाब नाही.

काका, तुम्ही पेन्सिल टेकवलीत ती बरोबर तिथे. ती त्याच्या प्रेमात तिथे पडली होती, आणि ते मला सोडून सगळ्यांना, म्हणजे तुम्हाला, दिसलं होतं. बोमाँबाईंच्या गोष्टीत असंच एक बारीकसं वाक्य आहे : श्वापद रोज नऊला येतं म्हणून ती सारखी घड्याळात बघू लागते. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेन! पण आपलं घड्याळ कुठे ठेवायचं, ते मला तुमच्या पेन्सिलीनं सांगितलं.

त्यानंतर मी पुढची सगळी पानं नव्यानं लिहिली, हे तुम्ही जाणताच. दुसऱ्यांदा तपासायला तुम्हालाच लागली. आता निवेदनात आणि नोकरचाकरांच्या तोंडी ते ‘ते’च राहतं. पान 112 नंतर फक्त तिच्या मनात तो ‘तो’ असतो. शेवटी कातडं गळून पडतं तेव्हा बाकी सगळ्यांना आपलं क्रियापद बदलावं लागतं, तिला नाही. स्टॉकहोमवाल्यांना हे उत्तर पुरेसं आहे का, देव जाणे. मला पुरलं.

पण मला खरं बोलायचंय ते त्या “दुरुस्त करतो”च्या आधीच्या ‘तर’बद्दल. तुम्हाला पानामागे पैसे मिळतात आणि ते किती तुटपुंजे असतात ते मला माहीत आहे. एका फटक्यात ‘गेलं’ करून पुढे गेला असतात तर कुणी बोट ठेवलं नसतं. उलट ती चोख दुरुस्ती ठरली असती, मीच आभार मानले असते! ज्यांचं कामच हस्तलिखित वाचायचं होतं, त्यांनी ते न वाचता मत दिलं. तुम्हाला नुसत्या वेलांट्या बघायला सांगितल्या होत्या, तुम्ही गोष्ट वाचलीत. आणि वाचूनही शहाणपण शिकवलं नाहीत, विचारलंत. कात्री लावण्याआधी पुन्हा एकदा माप घेणारा शिंपी असतो ना, तसे. अशी माणसं कुठेकुठे अचानक भेटतात आणि मग आपण दोन-चार दिवस सगळ्यांशीच जरा बरं वागतो. मी तर त्या आठवड्यात 11 महिनेवाल्यांनासुद्धा मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं. नंतर परत घेतलं, पण तो भाग निराळा.

एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नव्हतीत. ती अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीकडून कळली. शेवटच्या मुद्रितात तिनं आपण होऊन त्या जागी ‘ते निघून गेलं’ केलं होतं, मागची-पुढची सगळी वाक्यं तशी होती म्हणून. तिचा तरी काय दोष? तोवर मी पानं बघून बघून इतकी विटले होते की माझ्या नजरेला ते पडलंच नाही. तुम्ही शब्दाखाली ठिपके देऊन बाजूला लिहिलं होतंत : “होतं तसं ठेवा. लेखिकेनं मुद्दाम केलं आहे.”

मुद्दाम! काका, त्या एका शब्दासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

प्रत वेगळ्या टपालानं पाठवलीय. पान 64 वर एक ‘कि’ ऱ्हस्व राहिलाय, मी बघितलाय, तुम्हीही बघालच. तेवढा पेन्सिलीनं दीर्घ करून घ्या.

तुमची,
‘परिस्थिती’ अजूनही चुकवणारी