वर्तन विश्लेषकांच्या प्रशिक्षणाला नियम हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'घरबसल्या बिहेविअर थेरपिस्ट व्हा' अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. थोड्या दिवसांचा ऑनलाइन कोर्स, प्रमाणपत्र, की लगेच स्वमग्न (ऑटिझम असलेली) किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलं हाताखाली. मी विशेष शिक्षिका आहे. वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे मूल असं का वागतं हे शोधून त्याला मदत करण्याच्या शास्त्राचा मुलांना होणारा उपयोग रोज पाहते, म्हणूनच त्याची अशी विक्री बघवत नाही.

अमेरिकेत 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती फक्त सहायक होऊ शकते, तीही सतत कुणाच्या तरी देखरेखीखाली. विश्लेषक व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली 1,500 ते 2,000 तासांचं काम आणि त्यावर परीक्षा. ही शिस्त फार किंमत मोजून आली आहे. 1972 मध्ये मायामीच्या सनलँड ट्रेनिंग सेंटरमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांचे 'वर्तन सुधारणे'च्या नावाखाली अतोनात हाल झाल्याचं उघड झालं. फळीने मारणं, तोंडात साबण घालणं, बांधून आणि कोंडून ठेवणं, सगळ्यांसमोर लाज काढणं. कर्मचाऱ्यांना पुरेसं शिक्षण नव्हतं आणि वर बघणारं कुणी नव्हतं. त्या चौकशीतून फ्लोरिडा राज्याची नियमावली आली, मग प्रमाणपत्राची पद्धत, आणि तोच धागा धरून 1998 मध्ये वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारं अमेरिकेतलं मंडळ उभं राहिलं. त्या मंडळाने 1 जानेवारी 2023 पासून भारतातून प्रमाणपत्रासाठी नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. म्हणजे आता आपली व्यवस्था आपल्यालाच उभी करायची आहे.

त्यात काय शिकवायला हवं? मूल डोकं आपटतं, तेव्हा ते कसं थांबवायचं याआधी ते का आपटतं हे शोधायला. त्याच्या आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली, याची दिवसेंदिवस नोंद ठेवायला. आणि त्याही आधी, दात किंवा कान दुखतोय का हे डॉक्टरांना दाखवायला. बोलता न येणाऱ्या मुलाची तक्रार पुष्कळदा अशीच बाहेर येते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुलाचा 'नको'. सांगेल ते निमूट करणारं मूल पाहून पालक सुखावतात, सेंटरवाले त्याचे व्हिडिओ टाकतात (तेही परवानगीशिवाय!). पण नकार देताच न येणारं मूल पुढे कुणाच्याही हातात असुरक्षित असतं. नवशिक्या थेरपिस्टने पहिल्या आठवड्यात मुलाला 'नको' म्हणायला शिकवावं, शब्दाने, कार्डाने, हाताच्या खुणेने, आणि मग तो नकार पाळावा. मूल हात फडफडवत असेल, नजर देत नसेल आणि त्यात कुणाचंही नुकसान होत नसेल, तर ते बदलण्याचा अट्टहास कशासाठी? लहानपणी अशा थेरपीतून गेलेले स्वमग्न प्रौढ हे कळवळून सांगत आले आहेत. अभ्यासक्रमात त्यांचं म्हणणं आलंच पाहिजे.

'आधी काम, मग डबा' हा प्रकार काही ठिकाणी सर्रास चालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 92 नुसार, आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. हे कलम माहीत नसलेल्या माणसाला मुलासोबत खोलीत एकटं सोडू नये.

विशेष शिक्षक म्हणून काम करायला मला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वर्तन विश्लेषक अशी पाटी मात्र आज कुणीही लावू शकतं. खरं तर 2021 च्या 'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' कायद्याच्या अनुसूचीत 'बिहेविअरल अ‍ॅनॅलिस्ट' हा व्यवसाय नावानिशी नोंदलेला आहे. या कायद्यानुसार राज्यांनी परिषदा नेमून व्यावसायिकांची नोंदवही ठेवायची आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाचे नियम ठरतील तेव्हा देखरेखीखालच्या कामाचे तास, नीतिनियमांची स्वतंत्र परीक्षा आणि तक्रार ऐकणारी समिती, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात. मसुदा करणाऱ्यांत पालक आणि स्वमग्न प्रौढही असावेत. मराठीतून शिकायची सोय हवी, कारण जळगाव-नांदेडच्या घरांत जाऊन काम करणारी मुलं-मुली इंग्रजी पुस्तकं वाचून तयार होणार नाहीत.

तोवर पालकांनी फी भरण्याआधी एवढं जरूर विचारावं: तुमच्या कामावर देखरेख कोणाची? आम्हाला सेशनमध्ये बसता येईल का? आणि आमच्या मुलाने 'नको' म्हटलं, तर तुम्ही काय कराल?

आपली,
एक विशेष शिक्षिका, नाशिक