सूचना : जुनी पेडल कयाक समुद्रात नेण्यापूर्वी

वापरलेली पेडल कयाक (पायांनी चालवायची अरुंद, छोटी नाव) घेऊन प्रथमच समुद्रात गळ टाकू इच्छिणाऱ्या सभासदांनी रॉड होल्डर (गळाची काठी अडकवण्याची खोबण) व फिशफाइंडर (पाण्यातील मासे दाखवणारे यंत्र) बसवण्याआधी तळ तपासावा. आत थोडे पाणी ओतून ड्राइव्हच्या (पेडलने नाव पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) खाचेभोवती आणि पाणी निचऱ्याच्या छिद्रांशी पाझर दिसतो का, हे पाहावे. जुन्या कयाकला बहुधा तिथेच तडा जातो. सुकाणूची झिजलेली दोरी बदलावी. ड्राइव्ह नावेला बांधून ठेवावा, कारण नाव उलटल्यास तो निसटून बुडू शकतो, आणि सुटे वल्हे सोबत असावेच. लाइफ जॅकेट, शिट्टी, उंच झेंडा व जलरोधक पिशवीतील फोन (तटरक्षक दल : १५५४) अनिवार्य समजावेत. पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा नाव सहज बाहेर नेतो, परतताना मात्र दमवतो. म्हणून उथळ पाण्यात उलटलेल्या नावेवर पुन्हा चढण्याचा सराव झाल्याखेरीज कोणीही खाडीचे मुख ओलांडू नये, ही कळकळीची विनंती.