दत्त्या, तुझी हलगी इथं वाजायची राहिली

एडिसन, न्यू जर्सी
22 एप्रिल 2025

प्रिय दत्त्या,

दिवाळीनंतर तुला एक फोन नाही की मेसेजला उत्तर नाही. रागावला असशील तर राग, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आम्ही सगळे बरे आहोत, माझी शुगर आटोक्यात आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? शेडचं कर्ज फिटलं का? पिंकीची नर्सिंगची परीक्षा झाली असेल ना? ते सगळं फोनवर बोलू. आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. बायकोला सांगून बघितली, तर म्हणाली, "दहा सेकंदांच्या गाण्यापायी झोप कसली घालवतोस?"

नील यंदा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये आला. मार्चमध्ये कोचनं सगळ्या पोरांना फॉर्म दिला: आपापलं वॉक-अप गाणं लिहा, कितव्या सेकंदापासून लावायचं तेही लिहा. इथल्या मोठ्या लीगमध्ये घरच्या टीमचा बॅटर डगआउटमधून निघून होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटिंगच्या जागेपाशी, येईपर्यंत स्टेडियमभर त्याचं गाणं वाजतं, त्यानं स्वतः निवडलेलं. पाहुण्यांना हा मान नाही. खासबागेत पैलवान उतरताना हलगी कडाडते ना, तसंच धर.

आमचं पोरगं लहानपणापासून या गाण्यांपायी वेडं आहे. स्कोअर विसरेल, पण कोण कशावर चालत आला ते विसरणार नाही. शिकागोच्या व्हाइट सॉक्स टीमकडं नॅन्सी फाउस्ट नावाच्या बाई 1970 पासून ऑर्गन वाजवायच्या आणि खेळाडू बघून धून काढायच्या, हे मला त्यानंच सांगितलं. आणि रिवेराची गोष्ट तर तुला आवडेलच. मारियानो रिवेरा, न्यूयॉर्कच्या यांकीज टीमचा, शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणारा पिचर, म्हणजे आपला बॉलर. 652 सेव्ह आहेत त्याच्या नावावर, म्हणजे तितक्या वेळा टीमची आघाडी राखून त्यानं मॅच संपवली. 1999 पासून तो मैदानात आला की मेटालिका या हेवी मेटल बँडचं 'एंटर सँडमॅन' लागायचं आणि समोरच्या टीमच्या पोटात गोळा यायचा. माणूस पनामाचा, देवभोळा, असलं संगीत ऐकणारा नव्हेच. गाणं निवडलं स्टेडियमवर काम करणाऱ्यांनी, यानं कधी मागितलंही नाही. तुझ्या वरातीत बँडवाल्यानं मध्येच देशभक्तीचं गाणं धरलं होतं आणि तू घोड्यावर सावधान बसला होतास, ते आठवून मी एकटाच हसत बसलो. रिवेरा निवृत्त झाला तेव्हा, 2013 साली, मेटालिकानं यांकी स्टेडियमवर येऊन ते गाणं त्याच्यासमोर वाजवलं. तुझा बँडवाला कुठं असतो आता?

असो. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा, मेट्सचा, एडविन दियाझ घे, पोर्तो रिकोचा, तोही रिवेरासारखा शेवटी येणारा पिचर. तो आला की ट्रम्पेट वाजतं आणि चाळीस हजार माणसं त्या तालावर टाळ्या धरतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये ते ट्रम्पेट वाजवणारा टिमी ट्रम्पेट स्वतः मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डवर, आला होता. आमची तिकिटं 30 तारखेची. मेट्सकडं आघाडीच नव्हती, त्यामुळे दियाझचं काम पडलं नाही. 31 ला पडलं आणि तो गडी मैदानात उभा राहून वाजवत राहिला. आम्ही टीव्हीपुढं. नील बारा वर्षांचा होता, सोफ्यावर उभा राहून रडला. मला तेव्हा त्याचं रडणं नीट कळलं नव्हतं.

तर फॉर्म. रात्री अकराला किचन टेबलावर हेडफोन लावून बसला होता. मला म्हणाला, "बाबा, ऐक." एक हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी खरखर, मग कुणीतरी खाकरलं, मग तुझा आवाज, "चालू हाय न्हवं?" आणि मग हलगी.

दत्त्या, आपल्या गच्चीवरची ती कॅसेट. ताईनं गेल्या वर्षी सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन पाठवल्या होत्या, त्यातून या पठ्ठ्यानं शोधून काढली. बरोबर दहा सेकंद कापली होती. आता मोठ्या लीगमध्येही दहाच सेकंद मिळतात, 2023 ला पिच क्लॉक, म्हणजे चेंडू किती सेकंदांत टाकायचा ते मोजणारं घड्याळ, आलं तेव्हापासून. तुझं "चालू हाय न्हवं?" मी काढून टाक म्हणालो, तर म्हणाला, "तेच तर सगळ्यात भारी आहे."

आणि मी काय बोललो? "बाळा, पोरं हसतील रे. दुसरं काहीतरी घे."

तो वाद घालायला लागला. डॉमिनिकन, व्हेनेझुएलाचे खेळाडू त्यांच्याकडची गाणी लावतात, बचाटा, मेरेंगे, त्यांना कोण हसतं? आणि पारा? वॉशिंग्टनचा हेरार्दो पारा, 2019 ला बॅट चालत नव्हती म्हणून त्यानं 'बेबी शार्क' लावलं, त्याच्या दोन वर्षांच्या पोरीचं आवडतं. म्हातारेकोतारे हातांचे जबडे करून टाळ्या द्यायला लागले आणि त्याच वर्षी ती टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोठ्या लीगची फायनल, जिंकली. "ते तान्ह्या पोरांचं गाणं चालतं आणि दत्ताकाकांची हलगी चालत नाही?" मी म्हणालो, ते मोठे खेळाडू, तू शाळेत आहेस. तो गप्प झाला. फॉर्मवर सगळी पोरं लावतात तसलं कुठलंतरी रॅप लिहून टाकलं.

पहिली मॅच झाली. स्पीकरवर ते रॅप लागलं आणि नील मान खाली घालून चालत आला, बूट बघत. मी कुंपणाला धरून उभा होतो. तेव्हा मला आठवला पेठेतल्या क्रिकेट स्पर्धेचा फायनल.

तू विसरला नसशील. मी बॅटिंगला निघालो आणि तू बाउंड्रीवरून हलगी धरलीस. तुझ्या आप्पांची हलगी, शेकून कडक केलेली. त्या इंग्रजी शाळेच्या पोरांनी माझ्याकडं बघून तोंडं वाकडी केली, आणि मी अर्ध्या वाटेतून परत येऊन तुला म्हणालो, "बंद कर ते." तू विचारलंस, "हलगीची लाज वाटली का माझी?" मी उत्तर न देता खेळायला गेलो. पुढं सहा महिने तू बोलला नाहीस. मग बोलायला लागलास तेव्हा आपण दोघंही तो विषय टाळून बोललो, ते आजतागायत. तू म्हणायचास, मी पंचवीस काढल्या. अठरा होत्या. त्या दिवशी मला चेंडू दिसतच नव्हता.

उत्तर आज देतो. दोन्हीची वाटली होती, हलगीची आणि तुझी. आणि आप्पांचीही. आप्पा तिथं झाडाखाली बसले होते हे मला माहीत होतं. त्यांच्या हातची भाकरी खाऊन मी वाढलो आणि चार पोरांच्या तोंडाकडं बघून मी हे केलं. आप्पा गेले तेव्हाही मी इथून फोनवर नुसतं "फार वाईट झालं" म्हणालो. माफ कर, दत्त्या.

आता नीलला मी म्हणालो, बदल गाणं, हलगीच लाव. तर म्हणतो, "आता नको." आवाजात राग नाही, तेच लागतंय. कोच शुक्रवारपर्यंत गाणं बदलून देतो. शनिवारी घरच्या मैदानावर मॅच आहे. मी किती सांगितलं तरी त्याला ते बाबांचं समजूत घालणं वाटणार. तू फोन कर त्याला. वाजवायची परवानगी तशीही तुझीच हवी, आम्ही दोघांनीही विचारलेली नाही. इथली संध्याकाळ म्हणजे तुझी पहाट, शेडवर निघायच्या आधी कर. मराठी त्याला सगळं कळतं, फक्त हळू बोल, आणि शिव्या जरा जपून.

दहा सेकंदांची फाईल आणि पूर्ण कॅसेट, दोन्ही व्हॉट्सॲपवर पाठवतोय. पूर्ण कॅसेट वहिनींबरोबर बसून ऐक. शेवटाकडं आप्पा लांबून ओरडतात, "ताल सोडू नको रं." मी ते कालच पहिल्यांदा ऐकलं.

तुझाच,
शिऱ्या