आमच्या सासूबाईंची फिल्म टीव्हीवर कधी लागणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईकरांना शूटिंगचं नवल नाही. मेणवलीत ‘स्वदेस’चं शूटिंग झालं आणि पुढे तो टीव्हीवर लागला, की आम्ही गर्दीत आपली माणसं शोधत बसायचो. तीन वर्षांपूर्वी मात्र शूटिंग आमच्याच माजघरात झालं. पुण्याच्या एका संस्थेतली आठ मुलंमुली डिप्लोमा फिल्मसाठी, म्हणजे शिक्षण संपताना करायच्या फिल्मसाठी, चार दिवस आली होती. माझ्या सासूबाईंना, तेव्हा वय ८१, त्यांनी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसवलं. आवाजाचं काम बघणाऱ्या मुलाने फ्रिज आणि पंखे बंद करायला लावले. शेजारच्यांनी पिठाची गिरणी अर्धा तास थांबवली. एक शॉट अकरा वेळा घेतला, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, “खडे संपले गं, आता काय निवडू?”

मुलं गुणी होती. फिल्म झाल्यावर त्यांनी आठवणीने लिंक आणि पासवर्ड पाठवला. मोतीबिंदू झालेल्या सासूबाईंनी भाच्याच्या मोबाइलवर ती पाहिली आणि विचारलं, “ही कोण म्हातारी?” पुढे लिंक बंद झाली. फिल्म महोत्सवांना पाठवायची असेल तर ती सगळ्यांना खुली ठेवून चालत नाही, हे मुलांनी समजावलं आणि मला पटलंही. पण आता महोत्सव उरकलेत. फिल्म कपाटात आहे आणि सासूबाई अजून विचारतात, “टीव्हीवर कधी लागणार?”

अशा किती फिल्म पडून असतील! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांचं पहिलं पारितोषिक २०२० मध्ये मिळालं आणि २०२४ मध्ये पुन्हा मिळालं. २०२४ची फिल्म कन्नड होती. आम्ही पेपरात बातमी वाचली, कौतुक केलं; फिल्म काही दिसली नाही. ही संस्था माहिती व प्रसारण मंत्रालयाची, दूरदर्शनही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली. दोन्हीकडे पैसा जनतेचाच.

माझी मागणी साधी आहे. सह्याद्री वाहिनीने विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी द्यावा. वीस मिनिटांची एक फिल्म आणि उरलेल्या वेळात ती करणाऱ्या मुलामुलीशी गप्पा. फक्त राज्यातल्याच संस्था नकोत, कन्नड, मल्याळम, बंगाली फिल्मही दाखवाव्यात. मात्र खालची अक्षरं मराठीत आणि ठळक हवीत. सासूबाई चौथी शिकल्यात, पेपर रोज वाचतात, पण इंग्रजी ओळी त्यांच्या काय कामाच्या? आणि विद्यार्थ्याला थोडं का होईना, मानधन मिळावं.

हे सगळं आता मोबाइलवर असतं, असं कुणी म्हणेल. मोबाइलवर जे शोधावं तेच सापडतं. विद्यार्थ्याची फिल्म कोण शोधणार? शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, तेव्हा आमच्या आळीत टीव्ही असलेल्या एकमेव घरात तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसायची. समोर येईल ते बघायची आणि त्यातूनच चांगलं काय ते कळायला लागायचं.

आमच्याकडे फ्री डिश आहे. सासूबाई अजूनही सह्याद्रीच्या बातम्यांना खुर्ची पुढे ओढून बसतात. बातम्या संपल्यावर त्या लगेच उठत नाहीत.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)