शंभरातले एक्क्याण्णव आले कुठून?

महोदय,

‘रेडिट’ या अमेरिकी कंपनीच्या जुलै-सप्टेंबर २०२५ या तिमाहीच्या निकालाची बातमी आपल्या अर्थपानावर वाचली. महसूल ५८.५ कोटी डॉलर, म्हणजे आदल्या वर्षीच्या तुलनेत ६८ टक्के जास्त; निव्वळ नफा १६.३ कोटी डॉलर. रोज येणारे वापरकर्ते ११ कोटी ६० लाख. आकडे बरोबर आहेत आणि डोळे दिपवणारेही आहेत. पण बातमी तिथेच संपली. मी पेशाने सनदी लेखापाल. नफा-तोटा पत्रक हातात आले की त्यात काय लिहायचे राहिले आहे ते आधी शोधायची खोड लागली आहे, म्हणून हे पत्र.

स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन या नुकत्याच पदवीधर झालेल्या दोघांनी २००५ मध्ये हे चर्चेचे संकेतस्थळ काढले आणि सव्वा वर्षात ‘व्होग’ मासिकवाल्या काँडे नास्टला विकूनही टाकले. पुढे कित्येक वर्षे त्याची गत हुशार पण कमावता न झालेल्या मुलासारखी होती. नाव सगळीकडे, खिशात दमडी नाही. २०२३ मध्ये महसूल ८० कोटी डॉलरवर गेला तरी ९ कोटींचा तोटा होताच. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात ३४ डॉलरने भागविक्री झाली आणि पहिल्याच दिवशी शेअर पन्नाशी ओलांडून बंद झाला. कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च एकदम अंगावर आल्याने त्या वर्षी ४८ कोटींचा तोटा दिसला. मात्र तिसऱ्या तिमाहीपासून कंपनी नफ्यात आली ती आजपर्यंत.

माझी नजर अडली ती सकल नफ्यावर. ९१ टक्के! शंभर रुपयांची विक्री आणि माल उभा करायला नऊ रुपये. माझ्याकडे फरसाणवाल्यापासून औषधांच्या वितरकापर्यंत नाना धंद्यांच्या वह्या येतात, असा आकडा कुणी दाखवला तर मी आधी खरेदीची बिले मागेन. आपल्या वर्तमानपत्राचेच पाहा. कागद, छपाई, वार्ताहरांचे पगार, विक्रेत्याचे कमिशन, या सगळ्यापुढे अंकाची छापील किंमत कुठल्या कुठे राहते. रेडिटला मात्र मालाचे बिलच येत नाही, कारण माल लोक फुकट लिहून देतात. (वाचकांच्या पत्रांनाही मानधन नसते, याची मला कल्पना आहे. पण तुम्ही ती गूगलला विकत नाही, निदान अजून तरी.)

हा माल साधासुधा नाही. आमच्या वॉशिंग मशिनच्या पडद्यावर एकदा एरर कोड यायला लागला. कंपनीच्या पुस्तिकेत त्यावर एकच ओळ, ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’. रेडिटवर कुणा अनोळखी माणसाने खालचे झाकण कसे काढायचे, जाळी कोणत्या बाजूला फिरवायची, काय काय अडकलेले सापडते, सगळे लिहून ठेवले होते. वर सूचना अशी, की आधी खाली पसरट भांडे ठेवा, बादलीभर पाणी येईल. आले! या माणसाला कुणी दमडी दिलेली नाही, आणि त्याने मागितलीही नसेल. मात्र त्याच्या उत्तराखाली दिसणाऱ्या जाहिरातीचे पैसे कंपनीला मिळतात. शिवाय तेच उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठीही जाते. अशा करारांची एकूण किंमत २०.३ कोटी डॉलर असल्याचे कंपनीने भागविक्रीच्या माहितीपत्रकातच सांगितले होते. गूगलशी करार झाला, काही महिन्यांत ‘चॅटजीपीटी’वाल्या ओपनएआयशी झाला.

त्याच माहितीपत्रकात आणखी एक आकडा होता: रोज ६० हजारांहून अधिक नियंत्रक काम करतात. हे सगळे स्वयंसेवक. शिवीगाळ पुसणे, जाहिरातबाजांना हाकलणे, तेच ते भांडण पुन्हा पेटले की कुलूप लावणे, ही कामे त्यांची. आपल्याकडे मायबोली किंवा मिसळपाव या मराठी चर्चास्थळांवर वावरलेल्यांना हे सांगायला नको. डू आयडी (एकाच माणसाची दुसऱ्या नावाची खाती) ओळखणे आणि हाताबाहेर गेलेला चर्चेचा धागा उडवणे किती वैताग आणते ते तिथल्या संपादकांना विचारा. रेडिटवरचा मजकूर आपल्या ॲपमध्ये दाखवणाऱ्या बाहेरच्या ॲपवाल्यांना, मजकुरासाठी केलेल्या दर हजार विनंत्यांमागे २४ सेंट जुलै २०२३ पासून आकारायचे रेडिटने ठरवले. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या कर्त्याने वर्षाचे बिल दोन कोटी डॉलरच्या घरात जाईल असा हिशेब मांडला आणि जूनअखेर ॲप बंद केले. निषेध म्हणून रेडिटवरच्या हजारो चर्चागटांच्या नियंत्रकांनी आपापले गट बंद ठेवले, तेव्हा कंपनीचे प्रमुख असलेल्या हफमन यांनी त्यांना जमीनदारांची उपमा दिली. खंड न मिळणारे जमीनदार मी तरी पाहिले नव्हते! त्या वर्षी स्वतः हफमन यांच्या नावावर लागलेला मोबदला १९.३ कोटी डॉलरचा होता, बहुतांश समभागांच्या रूपात.

नियंत्रकांना काहीच दिले नाही असे म्हणता येणार नाही. भागविक्रीतले आठ टक्क्यांपर्यंत समभाग जुने सदस्य, नियंत्रक आणि काही आप्तेष्ट यांच्यासाठी राखून ठेवले होते. मिळायचे मात्र पूर्ण किमतीला, आणि तेही फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना. पुण्या-मुंबईचे गट सांभाळणाऱ्या इथल्या पोरांच्या वाट्याला तीही सोय नव्हती.

मग पगार द्यावा का? मला नाही तसे वाटत. नियंत्रकांच्या फुकट कामाची किंमत वर्षाला किमान ३४ लाख डॉलर होते, असे २०२२ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी काढले होते. कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे. पण पैसा आला की लिहिणाऱ्याची नजर बदलते. क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने प्रश्न विचारणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि काय झाले? रतीब घातल्यासारखे निरर्थक प्रश्न पडू लागले. मायबोली १९९६ पासून टिकली त्यात रात्र जागून गणेशोत्सवाचे उपक्रम आणि दिवाळी अंक करणाऱ्यांच्या हौसेचा वाटा फार मोठा आहे. हौसेला मजुरीचा दर लावला की ती हौस राहत नाही.

माझे म्हणणे गुंतवणूकदाराच्या अंगाने आहे. आपल्या वाचकांपैकी बरेच जण आता अमेरिकी शेअर घेतात. त्यांना वापरकर्त्यांचा एकच गोळाबेरीज आकडा सांगून भागणार नाही. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत रोजचे १० कोटी १७ लाख लोक होते. त्यातले ५ कोटी ५६ लाख लॉग-इन न करता, बरेचसे गूगलवर शोधत शोधत आलेले. त्या तिमाहीत गूगलने शोधाचे गणित बदलले, वापरकर्ते अपेक्षेपेक्षा कमी भरले आणि निकाल लागताच शेअर आपटला. म्हणजे माल देणारे बिनपगारी आणि गिऱ्हाईक आणून देणारा दुसराच. ही जोखीम ९१ टक्क्यांच्या आकड्यात कुठे दिसते?

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या निकालाच्या बातमीत लॉग-इन करून येणारे किती आणि नुसते वाटेवरून आलेले किती हे वेगवेगळे छापावे. २०२५ च्या तिमाही निकालांत कंपनीने स्वतःच ही फोड दिली होती, शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. नियंत्रकांची संख्या वाढली की घटली हेही जमल्यास विचारावे.

आपला,
एक लेखापाल वाचक, डोंबिवली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)